वाढलेल्या काकणाचं फूल

लग्न गोरज मुहूर्तावर, आणि नथू तांबट यायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे नंदाबाईच्या हाती काय तो हा एक दिवस उरला होता. आज पुतणीला, ठकूला, हळद लागणार, रुखवत मांडणार, लोणावळ्याचं वऱ्हाड जेवून उठणार, पोरगी सासरी जाणार. उद्या उजाडलं की गोठ्याच्या कोपऱ्यातली मेज, घासलेटचा दिवा, पायभाता आणि पितळेची नळी असा सगळा संसार नथूच्या छकड्यात चढून तळेगावला मोडीत जाणार.

हे कोंडाजीआबांनी ठरवलं होतं. कोंडाजी तिकोन्यांचा शब्द सोमाटण्यात सहसा खाली पडत नसे, आणि घरात तर तो कपाळाला लावायची रीत होती.

"लग्नाचं घर हाय म्हून गप ऱ्हायलो," धाकट्या भावाला, गेणूला, त्यांनी लग्नाच्या अक्षता वाटल्या त्या दिवशीच बजावलं होतं. "दोन वर्सं झाली, तुझी बायकू गोठ्यात बसून जाळ फुकती. लोक मला इचारत्यात, आबा, तिकोन्यांनी काकणाचं दुकान कवा काढलं? पोरगी सासरी गेली की त्यो पसारा नथूला देऊन टाक. नवी बैलजोडी येतीया, मला जागा पायजे."

गेणूनं मान खाली घातली. बोलणार तरी काय? तळेगावच्या काच कारखान्यात अकरा वर्षं काढली त्यानं. तिथल्या एका उस्तादानं त्याला दिव्याच्या ज्योतीवर काच वळवायला शिकवली. पायानं भाता मारायचा, नळीतून वारा ज्योतीवर सोडायचा, की ज्योत सुईसारखी आडवी धावते आणि काच मेणावानी मऊ होते. हौसेनं त्यानं घरी मेज थाटली. आणि मग एका पावसाळ्यात चिखलात कललेली गाडी सावरताना उजवा हात चाकाखाली आला. हाड बसलं, बोटं काही वळेनात. कारखाना सुटला. मेज धूळ खात पडली.

एक दिवस, आधी त्याच्यासाठी भाता मारणारी त्याची बायको नंदाच त्याला म्हणाली, "तुमी हितं बसा, भाता मारा. चिमटा द्या माझ्याकडं." तो हसला होता. पण महिनाभरात तिनं तेरड्याचं फूल केलं, दुसऱ्या महिन्यात जास्वंद, आणि पावसानंतर डोंगर पिवळा झाला तेव्हा सोनकीचं असं फूल केलं, की त्यावर खरी माशी येऊन बसली. गेणूनं त्या दिवशी हसणं सोडलं आणि तो तिला उस्तादाचे एकेक धडे द्यायला लागला.

नंदाला त्या जाळाचा लळा लागला होता, हेच खरं. भाकरी सगळ्याच करतात, खुरपं सगळ्याच धरतात. ही एक गोष्ट अशी होती, की जी सोमाटण्यात तिच्याखेरीज कुणाला येत नव्हती. ती उद्या नथूच्या छकड्यात बसून जाणार होती.

पडवीत रुखवत मांडायचं चाललं होतं. शेवया, कुरडया, पापड, बत्ताशांचं तुळशीवृंदावन. रतनबाई, म्हणजे नंदाची थोरली जाऊ आणि नवरीची आई, एकेक ताट हातानं सरळ करत होती. नंदानं पाटीवरचं फडकं काढून आतली परात बाहेर घेतली. तांदूळ पसरलेल्या परातीत एकवीस फुलं होती. कण्हेर, सोनचाफा, जास्वंद, गुलबक्षी.

"ठेव कडंला," रतनबाई म्हणाली. "पार दाराकडं नगं. कुणाचा पाय लागायचा."

"कडंला का म्हून?" हळदीच्या अंगानं ठकू आतून ओरडली. "मधी ठेव, काकू! सगळ्यांच्या रुखवतात कुरडया असत्यात. फुलं फकस्त माझ्या रुखवतात हायेत."

"तू गप गं. नवरीनं येवढं तोंड वाजवू न्हाई."

"मग फुलं मधी ठेव, म्हंजी गप बसते."

रतनबाईला हसू आलं. तिनं बत्ताशांचं वृंदावन सरकवलं आणि परात मधोमध आणली. तशी ती मनाची वाईट नव्हती. पण पोरीच्या लग्नात आईचा जीव सुपातल्या दाण्यासारखा वर-खाली होतो, तसा तिचा होत होता. कुठं अपशकून होऊ नये, कुणी शिंकू नये, मांजर आडवं जाऊ नये. एवढंच तिच्या डोक्यात होतं.

वऱ्हाड दुपारच्या गाडीनं तळेगावला उतरलं आणि बैलगाड्यांतून सोमाटण्याला आलं. नवऱ्याचे वडील माधवराव लोणावळ्याला रेल्वेत गार्ड. माणूस कमी बोलणारा, खिशातलं घड्याळ दर घटकेला काढून बघणारा. त्यांच्या मंडळी प्रमोदिनीबाई मात्र गाडीतून उतरल्यापासून बघत होत्या. मांडव, पाणी, पायघड्या, सगळंच त्यांच्या नजरेखालून चाललं होतं.

बायका रुखवत बघायला पडवीत शिरल्या, आणि कोंडाजीआबांची थोरली बहीण झुंबरबाई तयारीतच बसली होती. साठी उलटली होती, दात चारच उरले होते, पण जीभ अजून तरणी. तिनं दारातच गाठलं:

"लोणावळ्याच्या विहिणी आल्या आगगाडीत बसून,
वाटंत गुडदाणी खाल्ली आन् घेतली तोंडं पुसून!"

हशा पिकला. प्रमोदिनीबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. "नाही हो आत्याबाई, आणलीय गुडदाणी! तुमच्या दातांना झेपेल का, हाच विचार करत होते."

पुन्हा हशा. सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं. आणि मग प्रमोदिनीबाईंची नजर परातीवर गेली.

"अगंबाई! या दिवसांत सोनचाफा इतका ताजा?" त्या वाकल्या, फूल उचललं, आणि बोटाला गार लागलं तशा दचकल्या. "काच आहे ही! अहो, बघा तरी, पाकळीवर शिरासुद्धा आहेत. मुंबईहून मागवलीत का?"

"मुंबै कसली!" झुंबरबाई फुगली. "आमच्या गेणूच्या बायकूनं केल्यात. ही काय, खांबाआड उभी हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. नंदाबाई खांबाआडून पुढं झाली. पन्नास बायकांच्या डोळ्यांत कौतुक, असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. उद्या सगळं जाणार असलं तरी आजचा हा क्षण आपला आहे, असं तिला वाटलं. ती अंगभर फुलून आली.

"काय हात आहे हो तुमचा!" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पण एवढ्या रंगांची काच आणता कुठून?"

आता कारखान्यात मोडक्या काचेला एकच शब्द आहे: फुटकी. "फुटकी आणा", "फुटकी घाला" असं दिवसभर चाललेलं असतं. नवी काच नीट वितळायची तर भट्टीत थोडी फुटकी लागतेच. अकरा वर्षांत तो शब्द गेणूच्या तोंडात बसला आणि दोन वर्षांत गेणूच्या तोंडून नंदाच्या. आणि नंदा त्या घटकेला घरातली सून नव्हतीच. ती मेजेवरची कारागीर होती. ती मोठ्या अभिमानानं म्हणाली:

"आणायची कशाला? समदी फुटकी हाय. गावातल्या बायकांच्या फुटक्या बांगड्या गोळा करते मी."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं.

बांगडी फुटली, असं कुणी म्हणतं का हो? ती वाढते. कुंकू संपत नाही, वाढतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटते ती एकदाच, नवरा गेल्यावर. आणि ही बाई लग्नाच्या मांडवात, हळदीनं पिवळ्या झालेल्या पोरीच्या समोर, विहिणीच्या तोंडावर 'फुटक्या बांगड्या' म्हणून मोकळी झाली होती.

प्रमोदिनीबाईंनी हातातलं फूल निखाऱ्यासारखं परातीत टाकलं. टिच्च असा आवाज झाला. एक पाकळी उडून तांदळात पडली. कुणीतरी मागं "अरे देवा" म्हणालं.

"गावातल्या बायकांच्या," प्रमोदिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यात कुणाकुणाच्या असतील, कोण जाणे. रतनबाई, राग मानू नका. मला एकच मुलगा आहे. ही फुलं मी सुनेबरोबर माझ्या घरात नेणार नाही."

"न्हेऊ नका, वो! न्हेऊ नका!" रतनबाईनं हात जोडले. ती नंदाकडं वळली. "तुझी जीब झडली का न्हाई गं? माझ्या लेकीच्या लग्नात? तुला यवढा येकच सबूद घावला व्हय?"

"जाऊबाई, कारखान्यात तसंच..."

"कारखाना घाल चुलीत! उचल ती परात. माझ्या डोळ्यांम्होरनं उचल."

अंगणातून कोंडाजीआबांचा आवाज आला. अंगणात व्याही बसलेत, हेसुद्धा त्यांनी पाहिलं नाही. "गेणू! म्या सांगितलं हुतं का न्हाई? उद्याची वाट बघू नगं. नथूकडं आत्ताच माणूस धाड!"

नंदानं परात उचलली. पडवीतून गोठ्यापर्यंत वीस पावलं असतील, पण ती तिला सिंहगड चढल्यासारखी झाली.

गोठ्यात गेणू मेजेपाशी बसून होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, पण नथूकडं अजून माणूस धाडला नव्हता. नंदानं परात खाली ठेवली आणि मेजेवर डोकं टेकून ती ढसाढसा रडली.

"माझ्याच तोंडानं घालवलं वो. कुणी न्हाई, माझ्याच."

"सबूद माझा हाय," गेणू म्हणाला. "तू माझ्याकडनं उचललास. चूक झाली असंल तर माझी."

तेवढ्यात झुंबरबाई आत आली. आल्या आल्या तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"येवढी हुशार तू, आन् तुला येवढं कळू न्हाई? बांगडी वाढली म्हनावं गं बाई! येवढा येक सबूद बदलला असतास, तर विहीण फुलं डोईवर घिऊन गेली असती. फुटली कशाला म्हनायचं? वाढली, वाढली, वाढली! पाठ कर आता."

"पाठ करून काय हुनार, वन्सं?" नंदानं डोळे पुसले. "वाढली म्हनलं तरी बांगडी काय खरंच वाढती का..."

आणि ती थांबली. गेणूकडं बघायला लागली. गेणूही तिच्याकडं बघायला लागला.

"अवो," नंदा म्हणाली, "वाढतीच की!"

"वाढतीच!" गेणू उठूनच उभा राहिला.

"काय बडबडताय गं?" झुंबरबाईनं विचारलं, पण उत्तर द्यायला नंदा तिथं होती कुठं? पदर खोचून ती तरातरा पडवीकडं निघाली होती. रडलेलं तोंडसुद्धा तिनं धुतलं नाही.

पडवीत बायका अवघडून बसल्या होत्या. कुणी पंख्यानं वारा घेत होतं, कुणी उगीच पापडांचं कौतुक करत होतं. नंदा थेट प्रमोदिनीबाईंपुढं जाऊन उभी राहिली.

"विहीणबाई, माझं चुकलं. म्या बोलू नये त्यो सबूद बोलले. कारखान्यातला सबूद त्यो, तोंडात बसलाय. पण फुलांचं काय चुकलं न्हाई. आपुन म्हनतो बांगडी वाढली, ते समदे बोलायचं म्हून बोलत्यात. मी डोळ्यांनी बघितलंय. ती वाढती. मला येक काकण द्या, कुणाचंबी, लग्नाच्या चुड्यातलं, सवाष्णीच्या हातातलं. म्हंजी कुणाचं, कुठलं, ही शंकाच नगं. मी तुमच्या डोळ्यांम्होरं वाढवून दावते. न्हाई वाढलं, तर नथूची वाट बघत न्हाई, मीच ती नळी पवना नदीत टाकून येते."

लग्नाच्या दिवशी अंगावरचं काकण कोण काढून देणार? बायकांनी नकळत मनगटं पदराखाली घेतली. नंदा हात पसरून उभी राहिली आणि तो हात रिकामाच राहिला. प्रमोदिनीबाई जमिनीकडं बघत होत्या. नंदाला वाटलं, संपलं.

मग ठक् असा आवाज झाला.

रतनबाईनं आपलं मनगट उंबऱ्याच्या दगडावर आपटलं होतं. नवरीच्या आईनं, सकाळीच भरलेल्या हिरव्या चुड्यातलं काकण! दोन तुकडे खाली पडले, मनगटावर बारीक रक्त आलं.

"अगं रतन!" झुंबरबाई किंचाळली.

"वाढवली," रतनबाई म्हणाली. तिनं तुकडे उचलून नंदाच्या हातावर ठेवले. "माझी येकुलती येक लेक हाय. अपशकुनाची बोलनी तिच्या संगं लोणावळ्याला जायला नगंत, ती हितंच निकालात निघू देत. तू म्हनतीस वाढती. दाव मग. आन् न्हाई दावलंस तर नंदे, ती नळी टाकायला मीबी तुझ्या संगं येते. तुलाबी पवनंत टाकाया."

मग काय विचारता! मुंबई-पुण्याच्या बाजारातले शालू आणि पैठण्या सोमाटण्याच्या गोठ्यात शिरल्या. शेणात पाय पडू नये म्हणून बायका निऱ्या वर धरून, एकमेकींच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. ठकू हळदीच्या साडीतच खिडकीत चढून बसली. गेणूनं दिवा पेटवला, भात्यावर पाय ठेवला. भुस् भुस् करत वारा सुटला आणि पिवळी आळशी ज्योत वळून निळी, लांब, ताठ झाली.

नंदानं त्यातला एक बारका तुकडा मोडून घेतला आणि दोन्ही टोकांना दोन चिमट्यांत धरला. करंगळीच्या पेराएवढा तुकडा. ज्योतीवर तो आधी काळवंडला, मग शेंदरी झाला, मग मधोमध मऊ पडून लोंबायला लागला. तिनं तो ज्योतीबाहेर काढला आणि हात हळूहळू लांब नेत गेली.

काच वाढायला लागली. वीतभर झाली, हातभर झाली. नंदाचे हात दोन्हीकडं पसरत गेले तशी ती हिरवी तार पातळ होत, लांब होत चालली. एवढ्याशा तुकड्याची दोन्ही हात पसरल्याएवढी पुरती वाव झाली. गोठ्यातल्या अंधारात ती तार जाळाच्या उजेडानं लखलखत होती.

"वाढली गं बया!" झुंबरबाईनं तोंडावर हात ठेवला. "खरंच वाढली! साठ वर्सं म्हनतोय, आन् आज बघितली!"

प्रमोदिनीबाई कधी पुढं आल्या ते कुणाला कळलं नाही. त्यांनी बोट पुढं केलं, तारेला लावलं, मागं घेतलं. मग त्यांनी गोठ्याच्या दगडी खांबावर आपलं मनगट टेकवलं आणि बारीकसा झटका दिला.

"माझंही वाढवलंय," त्या म्हणाल्या आणि तुकडे मेजेवर ठेवले. "दोघींचं मिळून एक फूल करा. तेच नेईन मी घरी. परातीतली एकवीसही नेईन, पाकळी उडालेल्यासकट."

गोठ्यात एकच गलका झाला. पण नंदाचं तोंड उतरलं. तिनं गेणूकडं पाहिलं. त्याचाही चेहरा उतरला होता.

"काय झालं?" रतनबाईनं विचारलं.

"जाऊबाई, तुमचं काकण तळेगावच्या बाजारातलं, यांचं लोणावळ्याचं. दोन भट्ट्यांची काच येकमेकीला धरंलच असं न्हाई. धरली न्हाई तर निवताना तडकती."

आता तडकणं कुणालाच परवडणारं नव्हतं. नंदानं दोन्ही काकणांचे बारके तुकडे एकाला एक चिकटवले, तापवले आणि त्यांची जोडतार ओढली. "ही निवल्यावर सरळ ऱ्हायली तर जमलं. वाकली तर दोघींचं जमत न्हाई."

"म्हंजी काचंचीबी पत्रिका बघत्यात म्हना की!" झुंबरबाई म्हणाली. कुणी हसलं नाही. पन्नास बायका श्वास रोखून एका दोऱ्याएवढ्या काचेकडं बघत होत्या. तार निवत गेली. किंचित थरथरली. आणि सरळ राहिली.

"जमलं!" गेणू ओरडला, आणि बायकांनी असा कल्ला केला की अंगणातले पुरुष काय झालं म्हणून धावत आले.

नंदानं हिरवा चाफा करायला घेतला. हिरव्या काकणांना तेच फूल शोभणार होतं. सहा पाकळ्या, तीन रतनबाईच्या, तीन प्रमोदिनीबाईंच्या. काचेचा थेंब तापवायचा, चपट्या चिमट्यात दाबायचा, सुरीच्या पाठीनं शिरा काढायच्या, टोक ओढून किंचित वळवायचं, आणि गरम असतानाच देठावर बसवायचं. एक पाकळी लावताना आधीच्या निवून चालत नाही. सगळं फूल सारखं ज्योतीच्या धगीत फिरवत राहावं लागतं. ज्योत क्षणभर पडली तर तडा गेलाच म्हणून समजा.

तीन पाकळ्या लागल्या. बाहेर ऊन उतरलं. गोरज मुहूर्त म्हणजे गुरं घरी यायची वेळ, आणि गुरं आपल्या वेळेला आली. गोठ्याच्या दारात येऊन बघतात, तर आत वऱ्हाड! तांबड्या गाईनं एका शालूला हुंगलं, बाई ओरडली, गाय हंबरली, धूळ उडाली. त्या धुळीनं आणि धुरानं गेणूला ठसका लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. भात्यावरचा पाय थांबला. ज्योत लवली, पिवळी झाली.

"भाता!" नंदा ओरडली. तिचे डोळे फुलावरून हलू शकत नव्हते. "भाता मारा! कुणीबी मारा! थांबू नका!"

ज्योत पुन्हा उठली. पण धाडधाड, वादळासारखी.

"हळू! अवो हळू, नांगर न्हाई धरलेला! येकसारखा मारा. हां. तस्सा."

ज्योत ताठ झाली. चौथी पाकळी लागली. नंदानं चिमटा बदलायला नजर खाली नेली, आणि भात्यावर तिला दिसला जरीकाठी धोतराखालचा एक रुंद, भेगाळलेला पाय.

कोंडाजीआबा होते. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, खांद्यावर शेला, वहाणा बाजूला काढलेल्या. ओरडायलाच आत आले होते ते. मुहूर्त जवळ आला आणि बायका गोठ्यात काय करतायत, म्हणून. पण दारात त्यांनी ती ज्योत पाहिली, मेजेवर विहिणीच्या आणि बायकोच्या काकणांचे तुकडे पाहिले, खोकून वाकलेला धाकटा भाऊ पाहिला. तसा पाय आपसूक भात्यावर गेला.

नंदा घाबरून पदर सावरायला लागली.

"पदर ऱ्हाऊ दे," ते खाली बघतच म्हणाले. "जळंल. फुलाकडं बघ."

पाचवी पाकळी लागली. अंगणातून भटजींची हाक आली. "आबा! मुहूर्त आला हो! अंतरपाट धरलाय, नवरी कुठं आहे?"

माधवराव गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. घड्याळ हातात. "आबासाहेब, चारच मिनिटं उरलीत."

"व्याही, ती घडी खिशात ठिवा." कोंडाजीआबांच्या कपाळावरून घाम ओघळून गंध पुसत होता, पण पाय चुकत नव्हता. "गेणू, खोकला थांबला का? मग बाहेर कुणाला तरी नथूकडं धाड. म्हनावं, उद्या यायचं कारण न्हाई. आन् बैल बांधायला अंगणात छप्पर घालू आपुन."

गेणू दाराकडं धावला. रतनबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली, आणि प्रमोदिनीबाईंनी तिचा हात हातात घेतला.

"आबा!" भटजी आता दारातच आले. घाईनं त्यांचं उपरणं खांद्यावरून घसरलं होतं. "अहो, सूर्य टेकला! मुहूर्त टळतोय, आणि तुम्ही नवरीचे बाप भाता काय मारताय?"

"भटजी, तुमी मंगलाष्टकं सावकाश म्हना, लांब सूर लावून म्हना," कोंडाजीआबा म्हणाले. "अजून येक पाकळी ऱ्हायलीय. मधीच सोडली तर तडकंल."